तीस वर्षांचं घर

गोमाचं घर ट्रेलरवर बसून आलं, ही गोष्ट गावात अजून चवीनं सांगितली जाते. खोपोलीच्या पुढच्या कारखान्यातून घराचे दोन तुकडे निघाले. वाटेत एक तुकडा विजेच्या तारेला लागता लागता राहिला. दुपारी क्रेननं ते उचलून शेताच्या कडेला ठेवले, तेव्हा गाव वरातीला जमतं तसं बांधावर जमलं होतं. संध्याकाळी आत दिवा लागला. गोमाची चुलतभावजय सोनुबाई कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "आमच्यात साखरपुडा उरकायला बी याच्यापेक्षा जास्ती टायम लागतो!"

गोमाही हसला. पण हे घर त्यानं हौसेनं घेतलं नव्हतं. त्याचं आधीचं घर रस्ता रुंद करताना गेलं. मोबदला मिळाला, आणि तो काही दुसऱ्यांदा मिळत नसतो एवढं त्याला कळत होतं. विटांचं बांधावं तर जमीन सामायिक. सातबाऱ्यावर अकरा नावं, त्यातल्या दहा जणांनी सही दिली. अकरावा शुक्रा, म्हणजे सोनुबाईचा नवरा. माणूस वाईट नव्हे, पण सही म्हटलं की हात मागं घेणारा. "गोमा, पक्कं नको बांधूस," तो म्हणाला. "उद्या वाटे पडतील तवा उचलता येल असं कायतरी ठेव. मग माजी ना नाय." उचलता येणारी घरं कर्जतच्या रस्त्याला मुंबईवाल्यांच्या प्लॉटांवर दिसत होती. दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या भिंती, खाली लोखंडी चौकट, वर निळं छप्पर. गोमा एका सकाळी उठून कारखान्यात गेला.

तिथल्या विक्रीवाल्यानं त्याला रंगांचं पुस्तक दाखवलं, खिडक्यांचे प्रकार दाखवले. गोमानं पुस्तक मिटून बाजूला ठेवलं.

"टिकंल किती?"

"काका, नीट ठेवलंत तर तीस वर्षं."

'नीट ठेवलंत तर' हे शब्द गोमाच्या कानावरून गेले. कानात शिरले ते तीस. परतताना खोपोलीच्या एसटी स्टँडवर बसून त्यानं बोटांवर हिशेब केला. मैना आता तिशीची. तीस आणि तीस साठ. तिची आई अठ्ठावन्नाव्या वर्षी गेली. मैनाची तब्येत आईसारखीच, म्हणजे साठीच्या पुढं ती काय जाणार. बापानं लेकीचं मरण असं बोटांवर मोजावं हे चांगलं नाही, हे त्यालाही समजत होतं. पण मोजून झालं आणि त्याचा जीव भांड्यात पडला. घर पुरत होतं.

मैना गोमाची मोठी लेक. अंगानं दणकट, चेहऱ्यानं गोड, आणि समज पाच वर्षांच्या पोराएवढी. तिला नोटा ओळखता येत नव्हत्या आणि गॅस पेटवू देता येत नव्हता. धाकटा हर्षद रसायनीला कंपनीत होता, बायकोपोरांसह दोन खोल्यांत राहायचा. तो सरळ म्हणाला होता, "बाबा, तुमी हाव तवर ठीक. तुमच्यामागं मैनाताईला संस्थेत ठेवू." त्याला दोष द्यावा असं गोमाला वाटलं नाही. तो स्वतः पनवेलकडची एक संस्था बघूनही आला. स्वच्छ होती, माणसं मायेची होती, पोरी ओळीत बसून कागदी पिशव्या चिकटवत होत्या. खाली पांढऱ्या फरशा. "बाई, इथं सारवायला काय हाय का?" त्यानं विचारलं. तिथल्या बाई हसल्या आणि म्हणाल्या, "आजोबा, आता कोण सारवतं?"

झालं, संस्था तिथंच संपली. कारण मैनाला जगात एकच काम येत होतं, आणि ते तिच्यासारखं पंचक्रोशीत कुणाला येत नव्हतं. आईनं दोन वर्षं तिचा हात हातात धरून तिला सारवायला शिकवलं होतं. भिंतीच्या कोपऱ्यापासून सुरुवात करायची, भिंतीला हात लावून पहिली कमान काढायची, मग दुसरी, मग तिसरी, आणि मागं सरकत सरकत दारापर्यंत यायचं. एकदा शिकली ती शिकली. एके काळी भात झोडायचं खळं सारवायला गाव तिला बोलवायचं. तिच्या बोटांच्या कमानी अशा एकसारख्या उठायच्या की त्यावर पाय ठेवायला माणसानं बिचकावं. पुढं भात मशीनवर झोडायला लागले, घरोघर फरशा आल्या, आणि मैनाला कुणी बोलवेनासं झालं. उरलं फक्त बापाचं घर. गोमाच्या मागं सोनुबाई दोन वेळचं वाढेल, एवढा शब्द तिनं दिला होता, आणि सोनुबाईचा शब्द नवऱ्याच्या सहीपेक्षा पक्का होता. फक्त डोक्यावर छप्पर पाहिजे होतं. तेवढंच गोमाला करायचं होतं. बाकी आयुष्यात त्याचं काही राहिलं नव्हतं.

घर बसवायला नवीन नावाचा फिटर आला होता. त्यानं फूटभर उंचीचे सिमेंटचे ठोकळे मांडले, त्यावर लोखंडी चौकट टेकवली आणि जाताना बजावलं, "काका, खालून वारा खेळू द्या. माती लागू देऊ नका, पाणी साचू देऊ नका. एवढं सांभाळा, बाकी काही करायला नको." गोमानं मान हलवली.

चार दिवस त्यानं ते सहन केलं. घरात चाललं की खाली ढोलासारखं वाजायचं. कोंबडीनं खाली जाऊन अंडी घातली. एक कुत्री व्यायली. शुक्रा येऊन वाकून खाली बघून गेला आणि म्हणाला, "पलीकडचं शेत दिसतं रं!" हे मात्र गोमाला लागलं. चाळीस वर्षं गावातली जोती त्यानं भरली होती. कुणाचंही घर उठायचं असलं की जोतं चोपायला गोमाच लागायचा. घर भुईला धरून पाहिजे. अधांतरी असतो तो शेतातला राखणीचा माळा. आणि गावाची जोती भरणाऱ्याच्या स्वतःच्या घराला जोतं नाही?

त्यानं वरच्या खाचरातली तांबडी माती आणली. चोपणं जुन्या घरातून वाचवलेलं होतंच. तीन दिवस माती टाकायची, पाणी मारायचं, चोपायचं. घराच्या चारी बाजू त्यानं बंद केल्या, पुढं ऐसपैस ओटा केला, आणि चौथ्या दिवशी मैनाला हाक मारली. ती बादली घेऊन आली, कोपऱ्यात बसली, पत्र्याच्या भिंतीला हात लावून पहिली कमान काढली. दुपारपर्यंत घर खरंखुरं घर दिसायला लागलं. निळ्या छपराखाली हिरवट ओटा. त्या दिवशी गोमा इतका आनंदात होता की त्यानं आपणहून शुक्राला चहाला बोलावलं.

मग काही वर्षं छान गेली. मैना दर आठवड्याला सारवायची, सणाला दोनदा. कारखान्यालाही हे घर नमुना म्हणून सोयीचं होतं. नवं गिऱ्हाईक आलं की ते पत्ता द्यायचे, "जाऊन बघून या." रविवारी गाडी थांबायची. गोमा सदरा घालून बाहेर यायचा, भिंतीवर बोटांनी टकटक करून दाखवायचा. "घ्या बिनधास्त. तीस वर्षं!" असं त्यानं किती जणांना सांगितलं असेल त्याची मोजदाद नाही. ओटा मात्र सगळ्यांना आवडायचा. बायका त्यावर बसून फोटो काढायच्या.

पाचव्या पावसाळ्यात दार अडकायला लागलं. गोमानं मनावर घेतलं नाही. दारं पावसात फुगतात आणि दिवाळीला आपोआप जागेवर येतात, हे त्यानं जन्मभर पाहिलेलं. दिवाळी झाली, भातं कापून झाली, तरी दार खांदा दिल्याशिवाय लागेना. एका सकाळी खांदा देता देता त्याच्या डोक्यात उजेड पडला, की हे दार लोखंडाचं आहे. लोखंड कुठून फुगणार? त्यानं नवीनला फोन लावला.

नवीनचं आता खोपोलीत स्वतःचं वर्कशॉप होतं. तो मोटारसायकलवरून उतरला, घराभोवती एक फेरी मारली आणि ओट्यासमोर थांबला. मग म्हणाला, "काका, टिकाव आहे?"

दाराच्या बाजूच्या कोपऱ्यातली हातभर माती त्यानं काढली. आतली चौकट उघडी पडली. मूळचा तांबडा रंग कुठं दिसेना. काळपट, पापुद्रे सुटलेलं काहीतरी होतं. नवीननं खिशातून पेचकस काढला आणि नुसता टेकवला. शिजलेल्या सुरणात जावा तसा तो आत गेला.

गोमानं शेजारी बोट दाबलं, पापुद्रा बोटाला चिकटून आला.

"काका, मी काय सांगितलं होतं?" नवीन म्हणाला. रागानं नाही. राग आला असता तर बरं झालं असतं, गोमाला भांडता आलं असतं.

"सांगितलं हुतंस," गोमा म्हणाला.

"मातीत ओल राहते. त्यात शेण, गोमूत्र. लोखंडाला ते खातंच. वरच्या भिंती अजून पंचवीस वर्षं बघायला नकोत, पण पायच गेले तर काय?"

"मग आता?"

"सगळा ओटा काढा. चारी बाजूंनी माती हटवा, दोन फूट मोकळं ठेवा. मी जॅक लावून घर उचलतो, कुजलेले तुकडे कापून नवे जोडतो. त्यानंतर दहा-बारा वर्षं जातील." नवीननं ओट्याकडं बोट दाखवलं. "पण मग परत सारवणं नाही. एकदाही नाही."

"आणि असंच ठेवलं तर?"

नवीननं पेचकस पुसला. "दोन पावसाळे. फार तर तीन."

गोमानं पुन्हा बोटांवर मोजायला हात उघडला आणि तसाच मिटला. मोजण्यासारखं काही नव्हतं. फसवलं असतं कुणी तर तो कारखान्याच्या दारात जाऊन बसला असता, आईबापावरून शिव्या दिल्या असत्या. इथं शिवी द्यायची तर कुणाला? माती त्याची, चोपणं त्याचं, हात त्याचे. लेकीला तीस वर्षांचं छप्पर द्यायला निघालेल्या माणसानं स्वतःच्या हातानं ते पाच वर्षांत खाऊन टाकलं होतं, आणि तेही प्रेमानं, पाणी मारून मारून.

"माती काढून ठेवा, सोमवारी येतो," असं सांगून नवीन गेला.

गोमानं त्याच दुपारी टिकाव घेतला. पहिला घाव घातला तेव्हा मैना बाहेर आली आणि टाळ्या पिटायला लागली. जुन्या घराचं जोतं दर काही वर्षांनी फोडून नव्यानं भरायचे, तो मोठा सण असायचा. तिला वाटलं तेच चाललंय. ती आत जाऊन घमेलं घेऊन आली. गोमा माती काढून बाजूला टाकायचा, मैना ती घमेल्यात भरून परत आणून त्याच खड्ड्यात ओतायची आणि हातानं थापटायची.

"मैना, नको गं. भरायचं नाय."

ती हसायची आणि भरायची. चारदा सांगितलं, पाचव्यांदा त्याचा तोल गेला. त्यानं तिची शेणाची बादली उचलून बांधापलीकडं भिरकावली आणि ओरडला, "हात नको लावू घराला! कळतं का तुला? हात लावायचा नाय!"

चौतीस-पस्तीस वर्षांत तो तिच्यावर असा ओरडला नव्हता. मैनानं आपल्या हातांकडं बघितलं, ते पदराला पुसले आणि शुक्राच्या गोठ्यात जाऊन बसली.

दोन दिवस ती तिथंच होती. गोमानं तोवर ओटा फोडला, दोन बाजू मोकळ्या केल्या. घर परत अधांतरी दिसायला लागलं. शनिवारी दुपारी सोनुबाई आली, ती तावातावानंच.

"भावजी, पोरीनं भाताला हात लावला नाय. शेन हातात घेतं, बसतं, परत ठेवतं. काय बोललास तिला?"

गोमानं सगळं सांगितलं. सोनुबाई खाली वाकून त्या कुजलेल्या चौकटीकडं बघत राहिली.

"घर कोनासाठी घेतलंस रं? तिच्यासाठीच ना? नि तिलाच हात लावू नको बोलतोस."

"मग काय करू? तू सांग. सारवू दिलं तर घर पडतं. नाय दिलं तर ती पडते. मी आज हाय, उद्या नाय. मला सांग ना, काय करू!"

सोनुबाईनं पदर तोंडाला लावला आणि गेली.

रात्रभर विचार करून गोमानं एक तोड काढली. रविवारी सकाळी त्यानं घरापासून तीन फुटांवर अंगणात चुन्याची रेघ मारली. रेघेच्या अलीकडं घर, पलीकडं अंगण. अंगण मोठं होतं. जन्मभर सारवलं तरी पुरलं असतं. बांधापलीकडून त्यानं बादली शोधून आणली, धुतली, शेण कालवलं आणि गोठ्यात जाऊन मैनाचा हात धरून तिला घेऊन आला.

"हे बघ. हितून तिकडं, सगळं तुजं. सारव."

मैनाचा चेहरा उजळला. तिनं पदर खोचला, बादलीत हात बुडवला आणि रेघेपाशी उकिडवी बसली. हात पुढं केला. मग मागं घेतला. परत पुढं केला. बोटांतून शेणाचं पाणी ठिबकत होतं. तिनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि गोमाच्या लक्षात आलं. तिला सुरुवातच करता येत नव्हती. आईनं शिकवलं होतं भिंतीच्या कोपऱ्यापासून. भिंतीला हात लावून पहिली कमान, मगच दुसरी. आणि भिंत होती रेघेच्या आत.

"हितून कर, मैना. हे बघ, असं." गोमानं स्वतः हात बुडवून रेघेवर एक वेडीवाकडी कमान काढली. मैनानं मान हलवली. ती पुन्हा हात घेऊन बसली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. रडण्याचा आवाज नव्हता. आपलं येणारं एकच काम आपल्याला का येईना, हे तिला समजत नव्हतं.

तेवढ्यात रस्त्याला गाडी थांबली. रविवार होता ना. कारखान्यानं पत्ता दिलेलं एक जोडपं उतरलं. भिसेगावात राहणारी प्राची नावाची बाई आणि तिचा नवरा.

"काका, घर बघू का? आम्हीही असंच घ्यायचा विचार करतोय," प्राची म्हणाली. "तुमचं किती वर्षांचं आहे? कसं टिकलंय?"

गोमानं सदरा घातलेला नव्हता. हात शेणानं भरलेले. त्यानं भिंतीवर टकटक केली नाही. "कशाला पायजे तुमाला?" त्यानं विचारलं.

"प्लॉट आहे एक, नदीकडं. शनिवार-रविवार जायला. बाकी बंदच असेल."

"बंदच असंल?"

"हो, आठवडाभर कोण जाणार!"

"मग घ्या," गोमा म्हणाला. "तीस वर्षं टिकंल. कोनी हात लावला नाय तर टिकतं."

त्यात बोचणारं काय होतं ते त्या दोघांना समजलं नाही. नवरा वाकून घराखाली बघत होता, "ही दुरुस्ती चाललीय का?" म्हणून विचारत होता. गोमाचं लक्ष नव्हतं. मैना अजून हात पुढं धरून बसली होती, बोटांवरचं शेण वाळायला लागलं होतं.

गोमा पुढं झाला आणि पायानं चुन्याची रेघ पुसली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सगळी.

मैनानं वर बघितलं. मग ती उठली, तीन पावलं टाकून दाराजवळच्या कोपऱ्यात गेली, जिथं नवीननं माती काढली होती तिथंच. काढून ठेवलेली माती तिनं ओंजळीनं खड्ड्यात लोटली, थापटली, भिंतीला डावा हात लावला आणि उजव्या हातानं पहिली कमान काढली. मग दुसरी. मग तिचा हात असा भराभर चालायला लागला की प्राची "अगं बाई, किती सुंदर!" म्हणून मोबाईल काढून उभी राहिली.

गोमा बघत राहिला. उद्या नवीन येईल, माती बघेल, आणि परत जाईल. त्याला काय सांगायचं हे गोमाला माहीत नव्हतं. दोन पावसाळ्यांनंतर मैनाला कुठं ठेवायचं हेही माहीत नव्हतं. त्याला एवढंच दिसत होतं की दोन दिवस उपाशी असलेली त्याची लेक गुणगुणते आहे.

कोपरा झाला आणि बादली संपली. मैनानं ती उलटी करून बघितली आणि बापापुढं धरली.

"बाबा, आनखी आन."

गोमानं बादली घेतली, आणि शेण आणायला शुक्राच्या गोठ्याकडं चालू लागला.